एकसष्टावा देठ

कॉलेजच्या गेटवर नवा फ्लेक्स लागलाय. डावीकडे संस्थेचे अध्यक्ष हात जोडून, उजवीकडे प्राचार्य, आणि मधोमध परातीएवढी निळी शेवंती. खाली मोठ्या अक्षरात ‘आमच्या प्रयोगशाळेचे संशोधन, खान्देशची शान’. मी हल्ली हायवेवरच्या एका केळीच्या रोपांच्या लॅबमध्ये काम करते. जायचा रस्ता त्या गेटवरूनच आहे, त्यामुळे रोज सकाळी नऊ वाजता माझं डोकं फिरतं. ज्या बाईंनी ती शेवंती केली त्यांचं नाव त्या वीस फुटांत कुठेच नाही. कोपऱ्यात फ्लेक्स छापणाऱ्याचा मोबाईल नंबर आहे, त्याला जागा मिळाली. बाईंना मिळाली नाही.

बाई गेल्या त्याला या थंडीत वर्ष होईल. फैजपूरला त्यांच्या मातीला कॉलेजातून दोन माणसं होती. एक मी, दुसरा वॉचमन. बाकीच्यांना त्या दिवशी नेमकी कामं निघाली. आणि आता फ्लेक्स. लाज कशी वाटत नाही हो माणसांना?

बाईंना सगळे वेड्या म्हणायचे. म्हणायला कारणं भरपूर होती, मी ती लपवणार नाही.

मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभी राहिले ती लॅब असिस्टंटच्या मुलाखतीला. त्याआधी तीन ठिकाणी जाऊन आले होते. तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न ‘पूर्ण नाव?’ असाच होता, आणि आडनाव ऐकल्यावर समोरचा माणूस कागदात डोकं घालायचा. बाईंनी नाव विचारलंच नाही. म्हणाल्या, “हात दाखव.” मी घाबरत पुढे केले. त्यांनी बोटं उलटी-सुलटी करून पाहिली, नखांपाशी चष्मा नेला, मग म्हणाल्या, “नखं काप. बांगड्या घरी. उद्यापासून ये.” माझं आडनाव त्यांना पगारपत्रकावर सही करताना कळलं असणार, आणि कळूनही त्यांच्या तोंडावर काही हललं नाही. त्या मला शेवटपर्यंत ‘पोरी’ म्हणायच्या.

त्यांच्या लॅबचे कायदे वेगळेच होते. घरी इडलीचं पीठ आंबवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्यायची. विरजण लावलं असेल तर कोपरापर्यंत हात दोनदा धुवायचे. गजरा माळून आलेल्या मुलीला दारातूनच परत पाठवायच्या. एकदा प्राचार्य पाहुण्यांना घेऊन लॅब दाखवायला आले, तर बाईंनी दार अर्धंच उघडलं आणि विचारलं, “सकाळी काय खाल्लं?” पाहुणे कौतुकाने म्हणाले, इडली. बाईंनी दार लावलं आणि दोघांना खिडकीच्या काचेतून लॅब बघायला लावली. प्राचार्यांनी तो अपमान मनात ठेवला, पण बाईंना पत्ताही नव्हता. त्यांच्या दृष्टीने त्या दोघांच्या बोटांवर रोपं नासवणारं यीस्ट होतं आणि विषय संपला होता.

टिश्यू कल्चर म्हणजे काय, हे त्या कुणालाही दोन वाक्यांत सांगायच्या. पानाचा एक तुकडा घ्यायचा, बाटलीत साखर-खारं पाणी-हार्मोन यांचा पातळ खरवस करून त्यावर ठेवायचा, आणि त्याच्यातून पुन्हा अख्खं झाड उगवेपर्यंत गप्प बसायचं. गप्प बसणं हेच अवघड, असं त्या म्हणायच्या. तुकड्यातून आधी एक ओबडधोबड गोळा फुगतो, ना पान ना मूळ. त्या गोळ्याला कोंब फुटला तर झाड, नाही तर कचरा. अभ्यासात मागे पडलेल्या मुलांबद्दल शिक्षक स्टाफरूममध्ये कुरकुर करायला लागले की बाई कोपऱ्यातून म्हणायच्या, “गोळा आहे अजून. हार्मोन बदला.” आणि खरंच त्या मुलाला लॅबमध्ये बाटल्या धुवायला बसवायच्या. दोघं-तिघं त्यातूनच एमएस्सी झाले.

बाटल्यांचंही एक प्रकरण होतं. विकतच्या बाटल्या महाग, म्हणून नव्या मुलांनी प्रत्येकी पाच रिकाम्या जॅमच्या बाटल्या आणायच्या, झाकण गंजलेलं चालणार नाही. ऑफिसातला क्लार्क वैतागायचा की हे कॉलेज आहे का भंगाराचं दुकान. बाई स्वतः लग्नाच्या जेवणावळीत आचाऱ्यामागे बाटल्या मागत फिरायच्या.

माहेर फैजपूरकडचं, बापाची केळीची बाग, पण बाई केळं खात नसत. कुणी आग्रह केला तर म्हणायच्या, “एक खाल्लंय लहानपणी. बाकीची सगळी त्याचीच नक्कल.” समारंभात कुणी पुष्पगुच्छ दिला की तिथेच स्टेजवर त्याचा दोरा सोडायच्या, देठाचा काप बघायच्या आणि देणाऱ्याला सांगायच्या की हे फूल पाच दिवसांपूर्वीचं आहे, तुम्हाला फसवलं. मग त्यांना कुणी गुच्छ देईनासं झालं. त्यांना त्याचं बरंच वाटलं.

निळी शेवंती हे त्यांचं सात वर्षांचं काम होतं, त्यातली शेवटची चार वर्षं मी बरोबर होते. शेवंतीत निळा रंग मुळातच नसतो. गोकर्णाच्या फुलात असतो. गोकर्णाचा तो गुण शेवंतीत न्यायचा. मातीतला एक जिवाणू असतो, झाडांना गाठी आणणारा. त्याची खोड काढून टाकायची आणि त्याच्या पाठीवर गोकर्णाचा जनुक बसवून द्यायचा. मग शेवंतीच्या पानाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून त्या जिवाणूच्या पाण्यात बुडवायचे. ज्या तुकड्यात जनुक शिरला तो हिरवा राहतो, बाकीचे औषधाने पांढरे पडून मरतात. आम्ही हजारो तुकडे मारले. आपल्याकडची पांढरी गावठी शेवंती तर इतकी हट्टी, की अडीच वर्षं नुसते गोळेच. परदेशी जात घ्या, ती पटकन उगवते, असं सगळे सांगत होते. बाई म्हणायच्या, “परदेशी जातीचं तिकडच्यांनी केलंच आहे. मी काहाले करू?” चिडल्या की त्यांच्या तोंडात घरची बोली यायची.

पहिला कोंब आला तो दिवस मला आठवतो, कारण बाईंनी तो मला आठ दिवस सांगितलाच नव्हता. नवव्या दिवशी मला कॅंटीनमध्ये नेलं, दोन चहा मागवले, दोन्ही स्वतः प्यायल्या आणि म्हणाल्या, “चल, तुला एक दाखवायचंय.” बाटलीत तांदळाच्या दाण्याएवढं हिरवं काहीतरी होतं. मी रडले. त्यांनी मला बाटलीपासून लांब उभं राहायला सांगितलं.

वर्षभराने गच्चीवरच्या जाळीघरात बारा झाडं फुलली. मी म्हणाले, बाई, निळी. त्यांनी फूल उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, “जांभळी आहे. जांभळ्यात निळ्याची झाक आहे. जेवढं आहे तेवढंच बोल.” रिपोर्टातही त्यांनी तसंच लिहिलं. मला मात्र ती निळीच दिसत होती, अजून दिसते.

त्या जाळीघराची परवानगी दिल्लीच्या सरकारी समितीकडून आली होती आणि तिच्यात एक अट ठळक होती. तपासणी पूर्ण होईपर्यंत या झाडाचा कुठलाही जिवंत भाग बाहेर जाणार नाही. दोन दारं, आतल्या चपला वेगळ्या, कचरा झाला की आधी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे लॅबच्या मोठ्या कुकरमध्ये, घालून मारायचा आणि मग फेकायचा. पंधरा पौंड दाब, वीस मिनिटं. बाई म्हणायच्या की त्यात बुरशी मरते, बॅक्टेरिया मरतो, माणसाचा माज तेवढा शिल्लक राहतो. कुलपाला दोन किल्ल्या होत्या. एक बाईंकडे, एक माझ्याकडे.

मला तेव्हा ही अट जरा अतीच वाटायची. मी विचारलं, एका फुलाने काय होणार आहे? बाईंनी मला गल्लीतली शेवंती कुठून येते ते विचारलं. मी म्हणाले, शेजारणीकडून काडी आणतो आणि खोचतो. “तेच,” त्या म्हणाल्या. “आपल्याकडे शेवंती कुणी विकत आणत नाही, काडी मागून नेतात. कुणी नाही म्हणत नाही. या पावसाळ्यात जळगाव, पुढच्यात धुळं. मग त्यात काही वावगं निघालं तर परत कुणाकडून मागणार? काडी कुणी दिली ते कुणालाच आठवत नसतं.” कापसाचं चोरटं, बिनपावतीचं बियाणं गावोगाव कसं पसरतं ते मी मूळची धरणगावची असल्यामुळे मला सांगायची गरज नव्हती.

आणि मग अध्यक्षांना निळ्या फुलांची बातमी लागली.

अध्यक्षांना सगळे आबा म्हणतात. नव्या इमारतीच्या उद्घाटनाला मोठे साहेब येणार होते आणि आबांच्या डोक्यात आलं की साहेबांच्या हातात जगात कुणी न दिलेला गुच्छ द्यायचा. ते स्वतः लॅबच्या दारात आले. बाईंनी त्यांना आत घेतलं नाही, हे सांगायला नकोच. आबा गोड बोलले, की मॅडम, एकच गुच्छ, तुमचंही नाव होईल. बाई म्हणाल्या, फोटो न्या, हवे तेवढे न्या, देठासकट फूल मिळणार नाही. आबांचा आवाज चढला.

“माझ्या कॉलेजात माझंच फूल मला नाही?”

“कॉलेज तुमचं असेल,” बाई म्हणाल्या. “फूल अजून कुणाचंच नाही. त्याची तपासणी चाललीय.”

आबा गेले. मला वाटलं, मिटलं. मी तरी किती खुळी.

उद्घाटनाच्या दिवशी बाईंना प्रॅक्टिकलच्या परीक्षेला परीक्षक म्हणून धुळ्याला पाठवलं. नेमकं त्याच दिवशी. सकाळी अकराला प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत, धमकी दिली नाही. हसत विचारलं, “तुझं कंत्राट याच उन्हाळ्यात संपतं ना? अकरा महिन्यांचं? बघू आपण. किल्ली आण जरा.” आणि मी किल्ली दिली. बाप लहानपणीच गेलेला, आई डाळ मिलमध्ये डाळ निवडते, घर माझ्या पगारावर, हे सगळं खरं आहे. पण टेबलावर किल्ली ठेवायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही, हेही खरं आहे.

दोन शिपाई आणि डेकोरेशनवाल्याचा माणूस कात्री घेऊन वर गेले. बाहेरच्या चपलांनी जाळीघरात शिरले. मी त्यांना चपला काढायला सांगितलं, एवढीच माझी मर्दुमकी. त्यांनी कळ्या सोडून सगळी फुलं हातभर देठांसकट कापली आणि पाण्याच्या बादलीत घातली. बादली जिन्यात ठेवून ते बिड्या ओढायला गेले, तेव्हा मी तिच्यातून एक फूल काढलं आणि ओढणीखाली घेतलं.

का घेतलं, तेही सांगते. आमच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आहे. आई रोज फूल ठेवते. पिवळं, पांढरं, मिळेल ते. निळं तिला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. झेंडा निळा, जयंतीची टोपी निळी, भिंतीला दिलेला रंग निळा, फूल मात्र निळं नाही. साहेबांच्या हातात बादलीभर जातात, मग माझ्या आईला एक का नाही? माझा राग होता तो, आणि राग खोटा नव्हता. चोरी मात्र चोरीच होती.

मग मी बाईंना फोन लावला आणि फुलं नेल्याचं सांगितलं. किल्ली कुणी दिली हे त्यांनी विचारलं नाही. परीक्षा दुसऱ्यावर सोपवून त्या एसटीत बसल्या. दुपारच्या सुट्टीत मी मेहरूणला घरी गेले आणि फूल आईच्या हातात दिलं. आईने ते पेल्यात ठेवून पेला फोटोसमोर ठेवला. कितीतरी वेळ उभीच होती. म्हणाली, “हाऊ त आपला रंग शे.” मी जेवले नाही, तशीच परत गेले.

बाई पोचल्या तेव्हा साहेबांचं भाषण संपून चहा-फराळ चालू होता. त्या हॉलमध्ये आल्या नाहीत, आधी गच्चीवर गेल्या. कापलेल्या प्रत्येक खुंटावर खडूचा ठिपका देत मोजलं. एकसष्ट. मग खाली येऊन त्यांनी एक खोका घेतला आणि साडीचा पदर खोचून हॉलमध्ये शिरल्या.

पुढचा अर्धा तास त्या हॉलमधल्या कुणीही विसरलेला नाही. अठ्ठावन्न वर्षांची प्राध्यापक बाई जमिनीवर वाकून, खुर्च्यांखाली हात घालून फुलं गोळा करत होती. पाहुण्यांच्या छातीवर लावलेली काढून मागत होती. एक फूल जिलबीच्या ताटात पाकात पडलं होतं, तेही त्यांनी घेतलं. स्टेजवर जाऊन त्या साहेबांना म्हणाल्या की हे परत द्या, याला बाहेर जायची परवानगी नाही. साहेबांनी हसत गुच्छ दिला. आबांच्या बायकोने केसांत माळलेलं फूल स्वतःच काढून बाईंच्या हातात ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, “मला माहीत नव्हतं हो बाई.” त्या हॉलमधलं तेवढंच एक शहाणं माणूस. बाकी आमचे प्राध्यापक, संशोधनावर लेख लिहिणारे, बायोटेक शिकवणारे, समोसे खात हसत होते. एकाने मोबाईलवर शूटिंग केलं. एकाही माणसाने वाकून एक फूल उचललं नाही.

लॅबमध्ये मोजले तेव्हा साठ देठ भरले. पुन्हा मोजले, साठच. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“एक तुझ्याकडे नाही ना, पोरी?”

“नाही,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि दुसरा प्रश्न विचारला नाही. माझा शब्द त्यांना पुरला.

दुसऱ्या दिवशी बाई दिल्लीला पत्र लिहायला बसल्या आणि सगळं कॉलेज त्यांना समजवायला आलं. साठ परत आले ना, मग एकाचं काय घेऊन बसलात? फूलच आहे, बाँब नाही. हरिश्चंद्राचा अवतार धरायची काय गरज? रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत, काम बंद पडेल. हे शेवटचं सांगताना प्राचार्य अगदी कळवळून बोलत होते, जणू जाळीघर उघडणारा कुणी दुसराच होता. बाईंनी लिहिलं की एकसष्ट देठ बाहेर गेले, साठ परत आले, एक सापडलेला नाही, आणि किल्ल्या सांभाळणं ही त्यांची स्वतःची जबाबदारी होती. आबांचं नाव नाही, प्राचार्यांचं नाही, माझंही नाही. मी विचारलं, का नाही लिहिलं? म्हणाल्या, “झाडं माझ्या नावावर आहेत.”

उत्तर दीड महिन्याने आलं. परवानगी रद्द, सगळं नष्ट करा. बाटल्या, झाडं, मातीसुद्धा. तीन दिवस आम्ही दोघी ऑटोक्लेव्ह भरत होतो. झाकण बाई लावायच्या, काटा पंधरावर आला की मी वेळ लिहायचे. पहिल्या कोंबापासून पुढे वाढवत आणलेली बाटली त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवली असेल असं मला वाटलं होतं. त्यांनी ती पहिल्याच खेपेत घातली. नष्ट केल्याच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही माझी आहे.

त्यानंतर संस्थेने चौकशी लावली, बाईंचीच. पाहुण्यांचा अपमान केला म्हणून. बाईंनी राजीनामा लिहिला आणि मोपेडवर दोन पिशव्या अडकवून गेल्या. निरोप समारंभ झाला नाही. जुलैत वृक्षारोपणाला आबांनी पर्यावरणावर तासभर भाषण ठोकलं, आणि ते मी उभी राहून ऐकलं.

आता माझ्या घराचं सांगते. फूल कधीच सुकलं होतं. आईने वरचं फूल खुडलं, पण देठाला हिरवी पानं होती म्हणून पेला तसाच ठेवला, रोज पाणी बदललं. देठाला पाण्यात मुळं फुटली. तिने तो रंगाच्या रिकाम्या डब्यात माती घालून लावला. मी हे सगळं पाहत होते आणि तोंड मिटून होते. बाई कॉलेज सोडून गेल्या त्या आठवड्यात डब्यात बाजूने नवा फुटवा आला, आणि माझ्या लक्षात आलं की हे आता जगातलं शेवटचं झाड आहे. बाईंना एक पान पुरेसं होतं. एका पानातून त्या पुन्हा हजार झाडं करतील, सात वर्षं परत मिळतील. मला कमालीचा आनंद झाला, खरंच सांगते. मी त्या रात्री आईला सगळं खरं सांगितलं. खोटं बोलल्याचंही. आईने उठून डब्यातली माती बोटाने चाचपली. मग म्हणाली, “तिनं शे ते. तिले दी टाक.”

रविवारी मी डबा मांडीवर घेऊन एसटीने फैजपूरला गेले. बाई भावाच्या घरी वरच्या खोलीत राहत होत्या. दार उघडलं, डबा बघितला, आणि न विचारता ओळखलं. मी घाईघाईने कबुली दिली, किल्लीची, चोरीची, खोट्याची. त्यांनी डबा खिडकीत ठेवला आणि पानं मोजली. खत काय घातलं म्हणाल्या. मी म्हणाले, आई डाळ धुतल्याचं पाणी घालते. “छान लावलंय तिने,” बाई म्हणाल्या. मग विचारलं, “काडी कुणाला दिली?”

शेजारणीने मागितली होती. पण आधी आमच्याकडे फुलू दे, मग देईन, असं आई तिला म्हणाली होती. बाईंनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला.

मी म्हणाले, बाई, कुणाला माहीत नाही, तुम्ही यातून पुन्हा सुरू करा, मी येईन मदतीला, पगाराशिवाय येईन. बाईंनी एक पान तोडलं, उजेडाकडे धरलं, त्याच्या शिरा पाहिल्या. म्हणाल्या, “मी लिहून दिलंय, काही उरलं नाही म्हणून.” आणि खाली जाऊन वहिनींचा कुकर घेऊन आल्या.

झाडाचे तुकडे एका डब्यात, माती दुसऱ्या डब्यात. स्टोव्हसमोर त्या घड्याळ धरून वीस मिनिटं उभ्या होत्या. मला त्यांचा भयंकर राग आला. अख्ख्या जगाने यांना लाथाडलं आणि या अजून कुणासाठी मिनिटं मोजताहेत? मी तसं बोललेही. त्या म्हणाल्या, “गप्प बस, मोजण्यात चूक होईल.”

कुकर गार झाल्यावर त्यांनी दिल्लीला पत्र लिहिलं आणि पाकीट माझ्याकडे टपालात टाकायला दिलं. चिकटवलेलं नव्हतं. मी वाचलं. ‘एकसष्टावा देठ आज मिळाला. तो माझ्याच घरी होता. मुळे फुटलेली होती. मातीसह नष्ट केला.’

“बाई, हे खरं नाही.”

“तुझं कंत्राट अकरा महिन्यांचं,” त्या म्हणाल्या. “माझं आता काय काढून घेणार आहेत? आणि तुझ्या आईचं नाव अशा कागदावर जाऊ द्यायचं नाही. तिने चोरलेलं नाही काही.”

फूल जांभळं असताना निळं म्हणू नको, असं मला सांगणाऱ्या बाई. मी ते पाकीट फाडायला हवं होतं. फैजपूरच्या स्टॅंडसमोर पोस्टाची पेटी आहे, तिच्यात मी ते टाकलं.

त्या पत्राची प्रत कॉलेजात आली आणि आबांना हवं ते आयतं मिळालं. “बघा,” ते सगळ्यांना सांगायचे, “चोर घरातच होता. मॅडमनेच फूल पळवलं आणि बोंब आमच्या नावाने.” कॅंटीनमध्ये एक प्राध्यापक म्हणाला की म्हातारीला स्वतःलाच विकायचं असणार, म्हणून एवढी नाटकं. टेबलावरचे सगळे हसले. मी शेजारच्या टेबलावर होते. मी चहा संपवला, उठले, आणि त्याच महिन्यात माझं कंत्राट अकरा महिन्यांनी वाढलं.

बाईंनी ते फूल नेलं नव्हतं. मी नेलं होतं, भर दुपारी, ओढणीखाली झाकून, मेहरूणला.